सूपभर कोंड्याचं भांडण

भागरता, तू गेलीस हे मला रेंगीवाल्यानं सांगितलं. गोंदियाला नर्सबायांच्या आठ दिवसांच्या वर्गाला गेले होते. परत येताना आमगावच्या स्टेशनाबाहेर रेंगी केली. अर्ध्या वाटेवर बैलांना दटावता दटावता तो म्हणाला, "तुमची भागरता गेली जी, बाई. पाच दिवस झाले." मी त्याच्यावरच खेकसले, "हळू हाक, सामान सांडेल." सामान म्हणजे कापसाचे गठ्ठे आणि कोयनेलच्या गोळ्यांचे डबे. सांडण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग गाव येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, की तो 'तुमची' म्हणाला. नऊ वर्षं सगळ्या गावानं आपल्याला एकमेकींच्या अंगावर धावून जाताना पाहिलं, आणि तरी 'तुमची'.

गावात पोचल्यावर मी कुणाला काही विचारलं नाही, आणि मलाही कुणी काही सांगायला आलं नाही. सरकारी बाईला काय सांगायचं? माझ्याकडे माणसं दुखणं घेऊन येतात आणि औषध घेऊन जातात. काही काम नसताना येणारी तू एकटीच होतीस. यायचीस, ओट्यावर बसायचीस, तंबाखूला चुना लावायचीस आणि आज माझं काय चुकलं ते सांगायचीस. तू गेल्यापासून माझं काय चुकलं ते मला कुणी सांगितलेलं नाही. इतकं ओसाड वाटतं म्हणून सांगू! परवा तर मी पोस्टमनला उगाचच थांबवून घेतलं आणि त्याच्या खोकल्याची चौकशी केली. त्याला खोकला नव्हता.

आणखी एक. तू माझ्या आईच्या वयाची. मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणत राहिलीस, आणि मी पहिल्या दिवसापासून तुला अगं-तुगं. मी शिकलेली नर्सबाई, तू अडाणी सुईण, एवढ्यावर ते ठरून गेलं होतं. काल मनातल्या मनात तुला 'अहो भागरताबाई' म्हणून पाहिलं. तूच खो खो हसली असतीस. राहू दे, तूच बरी.

पहिल्याच दिवशी आपलं वाजलं, आठवतं? स्वराज्य येऊन तीनेक वर्षं झाली होती. गावात बाळंतपणाचं केंद्र निघालं, म्हणजे पंचायतीनं दिलेली एक खोली आणि त्यात मी. तू बघायला आलीस. कमरेला इळा खोचलेला. ज्यानं धान कापायचं त्यानंच नाळही कापायची. मी तो मागून घेतला, उन्हात धरला आणि चारचौघींत विचारलं, "या इळ्यानं आजवर किती पोरं मारलीस?"

असं बोलले मी, भागरता. नागपूरला शिकवलं होतं की नाळेला शेणामातीचं पातं लागलं की आठवड्याभरात मुलाला धनुर्वात होतो, दातखीळ बसते आणि मूल जातं. ते खरंच होतं, आजही खरं आहे. पण खरं सांगायची ती रीत झाली का? तुझं तोंड एकदम लहान झालं. तू इळा परत मागितला नाहीस, तशीच गेलीस. मला वाटलं, आता ही गावभर माझी बदनामी करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा इळा घेऊन दारात हजर. म्हणालीस, "कसा उकळाचा तो शिकवा."

त्यानंतर तू एकही नाळ न उकळलेल्या पात्यानं कापली नाहीस. मी आतून फुलून गेले होते. चार महिन्यांनी एकदा मिजाशीत विचारलं, "आता पटलं ना तुला?"

"पटाचं काय जी त्याच्यात?" तू म्हणालीस. "तुमाले बरं वाट्टे म्हून उकळतो. तुमचा देव पान्यात बसते, बसू द्या."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या! मी जंतूंबद्दल सांगायला लागले, ते किती बारीक असतात, डोळ्यांना कसे दिसत नाहीत. तू शांतपणे ऐकून घेतलंस. "दिसत नाई तरी हायेत म्हन्ता," तू म्हणालीस, "मंग माही माता काऊन नाई?" याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मोठ्यानं दिलं असणार एवढं नक्की.

त्या इळ्याबद्दल, आधीच्या पोरांबद्दल, आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुझ्या मनात काय चालत असेल? मी म्हणते ते खरं असेल तर आपल्या हातून काय झालं, हे तू कधी एकटीनं बसून मोजलं असशील का? मला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

मग रुखमाचं प्रकरण झालं. चार बांध्यांत, म्हणजे चार खाचरांत, धान करणाऱ्या घरची ती सून. तिची तीन पोरं झाली आणि तिन्ही आठ दिवसांच्या आत गेली. चौथ्या खेपेला तू आणि मी, दोघी पहिल्यांदाच एका खाटेच्या दोन बाजूंना होतो. इळा उकळलेला, हात धुतलेले, पोरगी झाली आणि चांगली टणटणीत रडली. मी खुशीत घरी आले. सुशीला असं नाव सुचवलं आणि तेच नोंदवहीत लिहूनही टाकलं.

सहाव्या दिवशी सकाळी नाळ बघायला गेले, तर घरामागच्या उकिरड्यावर, शेणाच्या ढिगावर, सुपात ती पोरगी! एकटी! तू पाच पावलांवर पाठ फिरवून उभी आणि चार बाया भिंतीला टेकून गप्प. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या शेणामातीपासून तिला वाचवायला जिवाचं रान केलं, त्यातच नेऊन ठेवलेली. धावत गेले आणि पोर उचलून छातीशी धरली.

"अरे बाप्पा!" तुम्ही सगळ्या एकदम म्हणालात. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून. मी काय करून बसले होते ते मागाहून कळलं.

रीत अशी होती. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिनं लेकरू उकिरड्यावर टाकायचं. टाकलं की ते तिचं राहिलं नाही, कचरा झालं, आणि कचऱ्यावर कुणाची नजर जात नाही. मग सुईणीनं ते उचलून दारात आणायचं, "पोर घेता का, पोर?" म्हणून ओरडायचं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. अशा विकतच्या लेकरावर मरणाचा हक्क चालत नाही. पण जो उचलेल, लेकरू त्याचं, तो विकेपर्यंत. आणि उचललं होतं मी.

रुखमा मागच्या दारात कोंड्याचं सूप घेऊन उभी होती. ओली बाळंतीण. "घ्या बाई," म्हणाली. "माही पोरगी इकत द्या."

"मुलं म्हणजे काय वांगी आहेत?" मी ओरडले आणि सूप हातानं ढकललं. कोंडा अंगणभर झाला. पोरगी तिच्या हातात कोंबली. तिनं घेतली, पण शेजारणीचं लेकरू घटकाभर सांभाळायला घ्यावं तशी घेतली. मी तिथून निघाले तेव्हा तू उकिडवी बसून एका हातानं कोंडा गोळा करत होतीस.

त्याच संध्याकाळी तू आलीस. ओट्यावर बसली नाहीस, उभीच राहिलीस.

"बाई, कोंडा घ्या अन् 'देल्ली' म्हना. येवढंच."

"नाही."

"काऊन?"

"खोटं आहे ते सगळं."

"खोटं तं खोटं. भेवानं तिचं दूध आटून राहिलं. बाईची पोरगी म्हन्ते, माही नाई म्हन्ते. तुमच्या तोंडातून एक खोटं निंगालं तं तुमचं काय आटते?"

"आज मी हो म्हटलं की उद्या दुसरी टाकेल उकिरड्यावर. त्या घाणीत काय असतं ते तुला कळतं का?"

"मंग सूप धुऊन घेतो. खाली लुगडं आंथरतो. उकळून आंथरतो."

यावर मला हसू यायला हवं होतं. तू तुझ्या बाजूनं नाल्यात उतरून अर्ध्यापर्यंत आली होतीस, आणि मी काठावर पाय रोवून उभी. दार लावून घेतलं मी.

महिनाभर तू रोज येत राहिलीस. कधी रागानं, कधी लाडीगोडीनं. "कायले येवढा हट्ट जी?" एक दिवस मात्र तू काही मागितलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तुमाले कोनंतरी लय दुखवलं हाये बाई. म्हून तुमी मानत नाई." मी उठून आत गेले. चुलीपाशी उगाच भांडी वाजवत बसले, तू जाईपर्यंत.

आता सांगते. उशीर झाला, पण ऐक. माझं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी तो गेला. मी त्याला धड पाहिलंही नव्हतं. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. अमरावतीचं आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हळदीच्या दिवशी आईनं मला धान्याच्या कोठीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. माझी सावली हळदीवर पडू नये म्हणून. दुष्ट नव्हती गं ती. आत ताट वाढून ठेवलं होतं, दोन लाडू जास्तीचे. एकीचं कपाळ पुसलं गेलं, दुसरीचं तरी राहावं, एवढंच तिला हवं होतं. पण त्या अंधारात मी ठरवलं, की जे दिसत नाही आणि दाखवता येत नाही, ते नाही. नाहीच. ते तसं ठरवलं म्हणून मी शिकले, नर्स झाले, एकटी राहिले, तगले. तुला मी ऐकवायचे ते नागपूरचं पुस्तक होतं, हट्ट मात्र त्या खोलीतला होता. तू एका वाक्यात ओळखलंस.

आणि मी? नऊ वर्षांत तुला हजारदा 'का' विचारलं असेल. "असं का करता गं तुम्ही मूर्खांसारखं?" हे काय विचारणं झालं! खरंच जाणून घ्यावं म्हणून एकदाही विचारलं नाही. तीन लेकरं हातातून गेलेल्या बाईला चौथ्याला 'माझं' म्हणायची भीती वाटते, एवढं साधं मला कळू नये? 'माझं नाही, विकत आणलंय' असं म्हटलं तरच तिचा हात त्या लेकराकडे जाणार होता. हे मला आता कळतं. तुला ते तेव्हाच कळत होतं, म्हणून तू माझ्या दारात महिनाभर हेलपाटे घातलेस.

मग तू विचारणं सोडलंस. मला सुटल्यासारखं वाटलं. रुखमाही बदलली. पोरगी बाळसं धरू लागली, आणि गावातल्या बाया टोचणीच्या नावानं पळून जायच्या तेव्हा रुखमा आपणहून तिला देवी टोचायला घेऊन आली. पुढं दरवर्षी धान निघालं की नव्या धानाचे पोहे फडक्यात बांधून आणून द्यायची आणि माझ्या पाया पडायची. पोरीला गाव फेकन, म्हणजे फेकलेली, म्हणायचं, मी हट्टानं सुशीला म्हणायचे, आणि ती फक्त फेकनला ओ द्यायची. तेवढं सोडलं तर मी जिंकले होते. राज्य बदलून नागपूरहून येणारे सरकारी कागद मुंबईहून यायला लागले त्या वर्षी मोठ्या बाई तपासणीला आल्या, त्यांना मी ही हकिकत रंगवून सांगितली. नीट समजावलं की माणसं सुधारतात, असं मीच वर सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तुलाही ऐकवलं ना मी ते? तू चुना मळत होतीस. "हौ बाई," म्हणालीस, "तुमी लय समजावता."

यंदा पावसाळा सरता सरता तुझे पाय सुजले. धाप लागायला लागली. गोंदियाच्या दवाखान्यात चल म्हणून मी तुझ्या मागे लागले. तू म्हणालीस, "तिथं मेलो तं मले कोन धुवन?" मी म्हटलं, "मग मर इथंच." दुसऱ्या दिवशी वर्गाला निघून गेले. ते माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. माझा जीव होता गं तुझ्यावर. आईनंतर मला कुणी इतकं ओळखलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही. आणि ते सांगायला माझ्याकडे भांडणाखेरीज काही नव्हतं.

काल दुपारी रुखमा आली. पोहे नव्हते, पाठीवर फेकन होती, तापानं फणफणलेली. थंडी वाजून येत होती, हिवताप उघड दिसत होता. मी पोरीला कोयनेलची गोळी दिली, तिनं तोंड वेडंवाकडं करून गिळली. तिला बाहेर उन्हात घोंगडीवर निजवून रुखमा आत आली आणि दाराशी उभी राहिली.

तिनंच सांगितलं, तुला धुवायला गावातल्या सगळ्या बाया आल्या होत्या. जिची जिची बाळंतपणं तू केलीस, त्या प्रत्येकीनं तुझ्या अंगावर एकेक तांब्या घातला. मी मान फिरवली. गोंदियाला हे झालं नसतं. तू मला कारण सांगितलं होतंस आणि मी त्यावर मर म्हटलं होतं.

"बाई," रुखमा म्हणाली, "भागरतामाय असती तं तिलेच इचारलं असतं. तुमी तो कोंडा खरंच घेतला होता ना जी?"

मला काही कळेना. "कुठला कोंडा?"

"हिचाच. मायनं सांगतलं होतं ना मले. बाई सरकारी मानूस हाये, चारचौघीत कशी घेईन म्हने. माय म्हनली, म्या मागल्या दारानं नेऊन देल्ला, बाईनं घेतला अन् 'देल्ली' म्हनली. तवापासून मले झोप लागाले लागली."

मी खाटेवर बसले. सात वर्षं, भागरता! सात वर्षं तू माझ्यासमोर बसून चुना मळलास आणि चकार शब्द काढला नाहीस. ते पोहे माझ्या समजावण्याचे नव्हते. ते पाया पडणं, देवी टोचायला येणं, मोठ्या बाईंच्या वहीतलं ते पान, सगळं तुझ्या एका खोट्यावर उभं होतं. मी नाही म्हणाले ते तू माझ्या नावानं हो करून टाकलंस, आणि मला मिरवूही दिलंस.

"तीन दिवस ताप उतरून नाई राहिला," रुखमा सांगत होती. "काल सासू म्हनली, भागरता खोटं बोलली असन तं? मंग पोरगी तं अजून बाईचीच. म्हून इचारतो."

मला सांगता आलं असतं. रुखमा, हा हिवताप आहे, डासांनी होतो, त्याचा कोंड्याशी काही संबंध नाही, तीन दिवस गोळ्या दे, उतरेल. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तो जिभेवर आलाही होता. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, की मी आत्ता तिच्या हातात पोरगी ठेवणार होते किंवा काढून घेणार होते. तिला तापाबद्दल विचारायचंच नव्हतं.

"घेतला होता," मी म्हणाले. या गावात बोललेलं माझं पहिलं खोटं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

रुखमानं विचारलं, "मंग काय केलं त्याचं?"

घ्या! खोटं बोलायची सवय नसली की अशी पंचाईत होते. एकावर भागत नाही. माझ्या घरी ना गाय, ना बकरी, ना कोंबडी. एकट्या बाईनं सूपभर कोंड्याचं करायचं तरी काय?

"भागरतालाच परत दिला," मी म्हटलं. "तिला म्हटलं, तुझ्या गाईला घाल."

रुखमा मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. "हौ," रडता रडता म्हणाली, "मायनं बी असंच सांगतलं होतं."

ती पोरीला पाठीवर घेऊन गेली, भागरता. नऊ वर्षांत आपल्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, शब्दाला शब्द जुळला. कुणाला सांगू?